वांग्याचे झाड हिरवेगार असतानाच कोमेजते? या चुका टाळा

दुपारी वांग्याचे झाड मान टाकते, संध्याकाळी थोडे सावरते आणि दोन-चार दिवसांत उभ्या उभ्या मरते. पाने तोवर हिरवीच. बहुतेक जण अशा वेळी आणखी पाणी घालतात, आणि इथेच पहिली चूक होते. माती ओली असूनही झाड कोमेजत असेल तर ते तहानेने नव्हे. राल्स्टोनिया सोलॅनसीरम हा जीवाणू मुळांतून शिरतो आणि खोडातल्या पाणी चढवणाऱ्या नळ्या चिकट द्रावाने बंद करतो. जादा पाण्याबरोबर तो सरीतून पुढच्या झाडांकडे जातो.

आधी खात्री करा. जमिनीलगतचा बोटभर खोडाचा तुकडा स्वच्छ कापून काचेच्या पेल्यातल्या पाण्यात वरून लटकवा. हलवू नका. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली सुटला, तर तो जीवाणूजन्य मर, म्हणजे याच जीवाणूचा रोग. आधी खालची पाने पिवळी पडत गेली असतील तर बुरशीचा संशय घ्या. फक्त शेंडा लोंबत असेल तर तो चिरून बघा, आत गुलाबीसर अळी सापडेल. तसे शेंडे खुडून नष्ट करा.

मर लागलेल्या झाडावर बुरशीनाशक फवारणे म्हणजे पैसे वाया. जीवाणू खोडाच्या आत असतो, फवारा पानांवर राहतो. झाड मुळांभोवतालच्या मातीसकट उचलून पिशवीत भरा आणि शेताबाहेर नेऊन जाळा. कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा पाटात मुळीच टाकू नका. तेच खोरे न धुता निरोगी ओळीत नेले की रोगही सोबत जातो. शेजारच्या झाडांजवळ खोल खुरपणी टाळा. तुटलेले मूळ म्हणजे जीवाणूला उघडे दार.

वांगी गेली म्हणून त्याच वाफ्यात टोमॅटो किंवा मिरची लावणे ही आणखी एक चूक. टोमॅटो तर सोलॅनम प्रजातीतलाच, मिरची त्याच कुळातली. दोघांनाही हाच रोग होतो. दोन-तीन वर्षे तिथे भात, मका किंवा आळसांदे (चवळीचा प्रकार) घ्या. गोव्यात पावसाळी भातानंतर वायंगणाला, म्हणजे हिवाळी हंगामात, भाजी करायची रीत आहे, ती इथे कामी येते. शेत पाण्याखाली राहिले की जीवाणूचा जोर कमी होतो. मात्र भाजीसाठी गादीवाफे उंच हवेत, चर मोकळे हवेत.

गोव्यातल्या आगशी गावच्या वांग्यासारखे चवीचे वाण सोडवत नसेल, आणि सोडूही नये, तर सोलॅनम टॉर्व्हम या रानटी वांग्याच्या खुंटावर, म्हणजे मुळे देणाऱ्या खालच्या रोपावर, त्याचे कलम करा. खुंटाचे बी उशिरा उगवते, म्हणून ते काही आठवडे आधी पेरा. दोन्ही रोपांची खोडे सारख्या जाडीची झाली की खुंटात चीर घेऊन, पाचरीसारखी तासलेली चवीच्या वाणाची कलमकाडी बसवा, क्लिप लावा आणि आठवडाभर दमट सावलीत ठेवा. एवढे करून पुष्कळ जण लावणीत फसतात: सवयीने मातीची भर देतात आणि जोड गाडला जातो. मग वरच्या काडीलाच मुळे फुटतात, ती सरळ रोगट मातीत उतरतात. जोड जमिनीपासून चार बोटे वर राहिलाच पाहिजे. जोडाखालून येणारे खुंटाचे फुटवेही दर आठवड्याला काढत राहा.