भाकरीचे पचन वर्गात दाखवण्याची रीत

सातवी-आठवीच्या मुलांना पचनसंस्थेची आकृती नावांसह काढता येते. परंतु ज्वारीच्या भाकरीचे रक्तात जाण्याजोगे ग्लुकोज कसे होते, हे त्या आकृतीवरून कळत नाही. गावच्या शाळेत प्रयोगशाळा नसली, तरी भाताची पेज, टिंक्चर आयोडीन, व्हिनेगर आणि मुलांची स्वतःची लाळ एवढ्या साहित्यावर या क्रियेचा पहिला टप्पा डोळ्यांसमोर घडवून दाखवता येतो.

प्रारंभी प्रत्येकाला भाकरीचा कोरडा तुकडा, झुणका किंवा ठेचा न लावता, दोनेक मिनिटे न गिळता चावायला सांगावे. आधी पिठूळ लागणारा घास हळूहळू किंचित गोडसर लागू लागतो. भाकरीतील स्टार्च ही ग्लुकोजची लांब साखळी असून लाळेतील अमायलेज हे विकर (एन्झाइम) ती मधूनमधून तोडते; त्यातून माल्टोज ही साखर आणि इतर लहान तुकडे तयार होतात. जीभ फसू शकते, म्हणून पुढची तपासणी स्टार्च भेटताच गडद निळ्या होणाऱ्या आयोडीनने करावी.

त्यासाठी भाकरीपेक्षा पेज बरी, कारण तीत रंग स्वच्छ दिसतो. चमचाभर पेज कपभर पाण्यात मिसळून पातळ करावी आणि औषधाच्या धुतलेल्या चार लहान बाटल्यांत सारखी ओतावी. पहिल्या बाटलीत चमचाभर साधे पाणी, दुसरीत तेवढीच लाळ, तिसरीत उकळून थंड केलेली लाळ घालावी. चौथीत आधी दोन चमचे व्हिनेगर आणि मग लाळ घालावी. लाळ देणाऱ्याने अगोदर चूळ भरलेली असावी. प्रात्यक्षिक शिक्षकच करणार असतील आणि त्यांच्या तोंडात नुकताच खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) असेल, तर लाळ दुसऱ्या कोणाची घेतलेली बरी. प्रत्येक गटाने आपल्याच मुलाची लाळ वापरावी, लाळ उकळण्याचे काम शिक्षकांनी करावे आणि आयोडीन कोणाच्याही तोंडात जाणार नाही याकडे लक्ष ठेवावे.

आता पांढऱ्या बशीत आयोडीनचे थेंब अंतराअंतरावर ठेवून दर मिनिटाला प्रत्येक बाटलीतील एक थेंब त्यांत मिसळावा. पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या बाटलीचा थेंब गडद निळा होत राहतो. दुसरीचा मात्र निळ्याचा जांभळट, मग तांबूस होत अखेरीस आयोडीनच्या मूळ पिवळसर रंगावर येतो. विदर्भात एप्रिलच्या दुपारी वर्गखोली आपोआपच शरीराच्या ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्यामुळे वेगळी ऊब लागत नाही. हिवाळ्यात बाटल्या कोमट पाण्यात उभ्या कराव्यात. निळा रंग बराच वेळ हटलाच नाही, तर बहुधा पेज दाट झालेली असते.

चौथ्या बाटलीसाठी व्हिनेगरऐवजी लिंबू पिळण्याचा मोह टाळावा. लिंबातील क जीवनसत्त्व आयोडीनचाच रंग घालवते आणि स्टार्च तसेच असूनही ते तुटल्याचा आभास होतो. या एका चुकीने संपूर्ण प्रयोग उलटा निष्कर्ष देतो. टिंक्चरऐवजी आयोडीनयुक्त मीठही चालत नाही, कारण आपल्याकडील मिठात ते आयोडेटच्या रूपात असते आणि त्याने पेज निळी होत नाही.

तिसऱ्या बाटलीवरून विकर उष्णतेने निकामी होते हे दिसते. चौथीवरून जठराकडे वळावे: तेथील आम्लात लाळेच्या अमायलेजचे काम थांबते, पण त्याच आम्लात पेप्सिन कामाला लागते आणि वरणातील तुरीच्या प्रथिनांचे तुकडे करू लागते. स्टार्च तोडण्याचे अपुरे राहिलेले काम लहान आतड्याच्या सुरुवातीला पुन्हा सुरू होते, कारण स्वादुपिंडाचा रस आम्ल शमवतो आणि स्वतःचे अमायलेजही सोबत आणतो. एकेका विकराला कोणती परिस्थिती मानवते, हे मुलांना समजले की अवयवांचा क्रम पाठ करण्याची फारशी गरज उरत नाही.

तेलासाठी दोन बाटल्यांत पाणी आणि थोडे जवसाचे तेल घेऊन एकीत भांडी घासण्याच्या साबणाचे पाणी घालावे व दोन्ही हलवाव्यात. साबणाच्या बाटलीत तेलाचे बारीक थेंब पसरून राहतात. यकृतातून येणारे पित्तही हेच करते. मात्र पित्त स्निग्ध पदार्थ विखुरते, तोडत नाही. तोडण्याचे काम स्वादुपिंडातील लायपेजचे असते, हे येथे बजावून सांगावे. माल्टोजचे ग्लुकोज मात्र लहान आतड्याच्या अस्तरावरच होते आणि ते लगेच रसांकुरांतून, म्हणजे त्या अस्तरावरील बारीक बोटांसारख्या उंचवट्यांतून, रक्तात शिरून यकृताकडे जाते.

बैल कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) खाऊन जगतो, मग आपल्याला ते का पचत नाही, असा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. कुटारातील सेल्युलोजही ग्लुकोजचीच साखळी आहे, पण तिचे दुवे वेगळ्या पद्धतीने जोडलेले असून ते तोडणारे विकर माणसाच्या शरीरात तयार होत नाही. बैलाच्या पोटातही ते काम मुख्यतः तेथील सूक्ष्मजीवच करतात. अंबाडीच्या भाजीतील तंतू आपल्या लहान आतड्यातून जवळजवळ तसेच पुढे जातात आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांतील काही भाग आंबवतात. पोटात वायू होण्याचे ते एक कारण आहे.