प्रशिक्षणानंतरच्या आठवड्यात दोनच प्रश्न

ताळगावच्या गोवा विद्यापीठात किंवा केंद्र सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर शिकवण्याच्या नव्या पद्धतींचा कोर्स केलात, की सगळी साधनं एकदम वर्गात आणू नका. एकच निवडा. माझं मत विचाराल तर गूगल फॉर्म.

तास संपायला पाच मिनिटं असताना दोन बहुपर्यायी प्रश्न द्या. सेटिंगमध्ये जाऊन फॉर्मला क्विझ करा आणि प्रत्येक प्रश्नाला गुण व बरोबर उत्तर नोंदवा. खरी मेहनत चुकीच्या पर्यायांत आहे. ते मनाने रचू नका. गेल्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत मुलांनी प्रत्यक्ष केलेल्या चुकांतून घ्या. उदाहरणार्थ, अर्थशास्त्रात मागणी आणि मागणीचं प्रमाण यांत मुलं गल्लत करत असतील, तर तीच गल्लत एक पर्याय म्हणून ठेवा. मग कोण कुठे अडलंय ते उत्तरांच्या आलेखात लगेच दिसतं. चुकीच्या उत्तराखाली दोन ओळींचं स्पष्टीकरण लिहायची सोयही आहे, ती जरूर वापरा. पुढच्या तासाची सुरुवात सर्वाधिक चुकलेल्या प्रश्नानेच करा.

गुण मात्र अंतर्गत मूल्यमापनात धरू नका. धरले की मुलं शेजारच्याचं बघून भरतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही.

सत्तरी, काणकोण तालुक्यांकडच्या मुलांना घरी रेंज मिळेलच असं नाही, म्हणून फॉर्म वर्गातच भरून घ्या. पावसाळ्यात वीज गेली तर तेच प्रश्न फळ्यावर लिहा, हात वर करायला सांगा, मोजा.