अंगमेहनतीच्या कामात रोज किती कॅलरी जळतात? अखेर आकडा सापडला

माझं काम गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं. कॅल्क्युलेटरमध्ये 'अतिशय सक्रिय' निवडलं: विश्रांतीच्या १६८० कॅलरी गुणिले १.९, म्हणजे ३१९२. तेवढं खाल्लं आणि वजन वाढत गेलं.

मग घड्याळाने दाखवलेल्या कॅलरी धरून पाहिल्या, पण त्या १.९ च्या हिशोबावर वर मिळवत होतो; काम दोनदा मोजलं जात होतं. मेटच्या तक्त्यातही (मेट म्हणजे एखादं काम विश्रांतीच्या किती पट कॅलरी जाळतं त्याचं माप) तीच गफलत: १ मेट म्हणजे विश्रांतीचाच खर्च, तो वजा करायला हवा होता. शिवाय आठ तासांची पाळी म्हणजे आठ तास उचलणं नव्हे, निम्मा वेळ गाडीची वाट पाहण्यातच जातो. दोन महिने वाया गेले.

शेवटी उलटा हिशोब केला. २१ दिवस खाल्लेलं सगळं वजन करून लिहिलं (तेलसुद्धा, माझी चूक तिथेच व्हायची). रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी वजन घेतलं. पहिल्या आठवड्याची सरासरी ७८.०, तिसऱ्याची ७८.४. फरक ०.४ किलो. तो ७७०० ने गुणला (एक किलो चरबीत साधारण तेवढ्या कॅलरी धरतात): ३०८०. भागिले १४, म्हणजे रोज २२०. इथे २१ ने भागू नका, दोन सरासऱ्यांमधलं अंतर १४ दिवसांचंच असतं. रोजचं सरासरी खाणं २९००. वजन वाढलं म्हणून त्यातून २२० वजा केले: २६८०. घटलं असतं तर मिळवले असते.

म्हणजे माझा गुणक १.९ नव्हे, साधारण १.६. सुट्टीचे दिवस यात आपोआप आले. पाळी बदलली की पुन्हा मोजतो.