वसाहतीत मुलींचा फुटबॉल संघ उभा करताना

नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०२२ साली महिलांच्या आशियाई चषकाचा आणि सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा असे दोन्ही अंतिम सामने झाले. आसपासच्या सेक्टरांतील मैदानांवर मात्र संध्याकाळी मुली दिसतात त्या बहुधा कडेच्या वाटेवर फेऱ्या मारताना. आपल्या सोसायटीतील मुलींना मैदानात उतरवायचे असेल, तर चेंडू आणि प्रशिक्षक यांच्याआधी घरातल्या मोठ्यांच्या शंकांकडे पाहावे, कारण संघ फुटतो तो तिथेच.

पहिली शंका वेळेची असते. आम्ही पहिल्या वर्षी टर्फचा, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम हिरवळीच्या मैदानाचा, रात्री नऊचा तास घेतला आणि तिसऱ्या आठवड्यात चौदापैकी पाचच मुली उरल्या. खरे कारण कोणी सांगितले नाही, ‘क्लास असतो’ एवढेच कळवले. तेव्हापासून शनिवार-रविवारी सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ ठरली. त्यामुळे अंधारात परतण्याचा प्रश्न सुटला आणि ऊन कोवळे असल्याने ‘पोर काळवंडली’ ही आजीची तक्रारही फारशी आली नाही. मात्र रविवारी टेनिस चेंडूचे क्रिकेट खेळणारे मैदान आधीच अडवतात. त्यांना विनंती करण्यापेक्षा दहा मिनिटे आधी पोहोचून शंकू मांडून ठेवलेले बरे.

कपड्यांवरून वाद घालू नये, नियम सांगावा. खेळाच्या नियमांनुसार शॉर्ट्सच्या आत लेगिंग्ज चालतात, फक्त त्यांचा रंग शॉर्ट्सच्या रंगाशी जुळावा लागतो. २०१४ पासून डोके झाकून खेळण्यासही परवानगी आहे. म्हणून संघाच्या शॉर्ट्स काळ्या घ्याव्यात, कारण काळी लेगिंग्ज प्रत्येक घरात असते. पायमोजे गुडघ्यापर्यंतचे आणि त्यांच्या आत नडगीचे गार्ड असलेच पाहिजेत. यात काटकसर करू नये.

‘ही पाश्चात्त्यांची थेरे आपल्या मुलींना कशाला’ असे कोणी म्हणालेच, तर त्यांना सांगावे की इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनेही १९२१ मध्ये हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे ठरवून आपल्या सदस्य क्लबांची मैदाने त्यांना बंद केली होती आणि ती बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. आपल्या जिन्यात ऐकू येणारे वाक्य तिकडच्या बैठकीतही बोलले गेले होते, हे ऐकून समितीतले काका निदान चहा संपेपर्यंत तरी गप्प बसतात.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे स्वच्छतागृह. मैदान किंवा टर्फ ठरवण्याआधी एखाद्या आईने स्वतः आत जाऊन कडी लागते का, पाणी येते का आणि कचऱ्याचा डबा आहे का हे पाहावे. प्रथमोपचाराच्या पिशवीत पट्ट्यांच्या जोडीला सॅनिटरी पॅड ठेवावेत आणि ती पिशवी मुलींच्याच हाताशी असावी, म्हणजे कोणाला मागावे लागत नाही. प्रशिक्षक पुरुष असल्यास दर सरावाला एका आईची पाळी लावावी. आमच्याकडे अशी एक आई केवळ लक्ष ठेवायला येऊन बसायची. पावसाळ्यानंतर तिने पदर खोचून गोलरक्षकाला चेंडू फेकून द्यायला सुरुवात केली.

साहित्याचे फार नाही. आठ ते बारा वर्षांच्या मुलींसाठी चार नंबरचा आणि त्यापुढे पाच नंबरचा चेंडू घ्यावा. मोठा चेंडू लहान पायांना जड जातो आणि मग ‘मुलींना जमत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो.

सामन्यांच्या वेळी पालकांना सीमारेषेपासून चार पावले मागे बसवावे आणि ओरडायचे ते शाबासकीपुरतेच, असे आधी बजावावे.

दहावीच्या वर्षी घरचे लोक मुलीचे नाव संघातून काढायला सांगतात. अशा वेळी नाव यादीत तसेच ठेवावे आणि त्या मुलीला रविवारी फक्त अर्ध्या तासासाठी, धाकट्या मुलींना पास शिकवण्याकरिता बोलवावे; शूजही घरी परत न नेता सामानाच्या पोत्यातच राहू द्यावेत.