गणपतीच्या मखराला ईएल वायर कशी लावावी

ईएल वायर म्हणजे इलेक्ट्रोल्युमिनेसंट, विजेने स्वतःच उजळणारी वायर. बाजारात हिला ‘निऑन वायर’ म्हणतात. दिसायला बारीक प्लास्टिकची दोरी, म्हणून लोक तिला एलईडीच्या माळेसारखी थेट 12 व्होल्टच्या अडॅप्टरला जोडतात. ती पेटत नाही आणि मग खराब म्हणून फेकली जाते. तिच्यात निऑनही नसतो आणि एलईडीही नसतात. मधोमध तांब्याची तार, तिच्यावर झिंक सल्फाइडच्या फॉस्फरचा, म्हणजे विजेने उजळणाऱ्या पावडरीचा, थर, त्याभोवती केसाइतक्या दोन बारीक तारा आणि वरून प्लास्टिकची आवरणं, एवढीच तिची रचना. आतली तार आणि बाहेरच्या बारीक तारा यांच्यामध्ये साधारण 100 व्होल्टचा, सेकंदाला हजार-दोन हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह दिला की मधला फॉस्फर उजळतो. हा गुण जॉर्ज देस्त्रियो यांनी फ्रान्समध्ये 1936 साली नोंदवला. वायर तापत नाही, म्हणून कागदाच्या, कापडाच्या मखराला हिच्यासारखी दुसरी नाही.

असा प्रवाह सेलच्या विजेपासून बनवणारी छोटी डबी म्हणजे इन्व्हर्टर. तो वायरच्या लांबीला जुळणारा घ्या. त्यावर किती मीटर चालेल ते लिहिलेलं असतं. दोन पेन्सिल सेलच्या छोट्या डबीवर दहा मीटर वायर लावली तर ती फिकीच दिसणार. वायर न जोडता इन्व्हर्टर चालू करू नका, त्याने तो बिघडतो.

रंग निवडताना माझं ऐका, निळसर हिरवा घ्या. तो सगळ्यांत उजळ दिसतो. बाकीचे बरेचसे रंग आवरणातल्या रंगामुळे येतात आणि त्यात उजेड कमी होतो. दिवसाउजेडी मात्र कुठल्याच रंगाची अपेक्षा ठेवू नका. ही वायर संध्याकाळच्या आरतीसाठी.

आता जोड. वायर हव्या त्या लांबीला कापता येते, हे सगळे सांगतात. कापल्यावर पुन्हा जोडायची कशी, हे कुणी नीट सांगत नाही. माझ्या पहिल्या चार जोडांपैकी एकही पेटला नाही, कारण साल काढताना मी प्रत्येक वेळी त्या केसासारख्या तारा कापल्या. ब्लेड दाबून गोल फिरवायचं, हा सल्ला विसरा. हीट श्रिंकच्या, म्हणजे तापवल्यावर आकसणाऱ्या, छोट्या आणि मोठ्या नळ्या आधीच ओवून ठेवा, जोडानंतर त्या जात नाहीत. मग बाहेरच्या रंगीत आवरणावर हलकी खूण करा, तिथे वाकवा आणि नखांनी सावकाश ओढा. आतल्या पारदर्शक आवरणाचं टोकही तसंच काढा, सेंटिमीटरभर पुरे. दोन्ही बारीक तारा मागे वळवून रंगीत आवरणावर ठेवा, त्यांवर तांब्याच्या पट्टीच्या टेपचा एक वेढा द्या आणि तारा टेपला सोल्डर करा. सोल्डरिंग आयर्न तिथे रेंगाळू देऊ नका, खालचं प्लास्टिक वितळतं. दोन्हींपैकी एक तार तुटली तर काम चालतं, दोन्ही तुटल्या तर पुन्हा कापून नव्याने सुरुवात करा.

मधल्या तारेवरचा फॉस्फर नखाने पूर्ण खरवडा. तो राहिला तर सोल्डर धरत नाही. इन्व्हर्टरची एक वायर मधल्या तारेला, दुसरी टेपला, उलटसुलट झाली तरी चालतं. मल्टिमीटरने मधली तार आणि टेप एकमेकांना चिकटलेले नाहीत ना, हे पाहूनच आधी छोटी आणि मग मोठी नळी तापवा. उघड्या जोडाचा झटका चांगलाच चावतो, म्हणून हे सगळं इन्व्हर्टर बंद ठेवून.

दुसरं, मोकळं टोकही तसंच सोडू नका. दोन-तीन मिलिमीटर स्वच्छ कापून त्यावर गोंद आणि नळी लावा, नाहीतर ओल आत शिरते. दुर्वांचं आणि हारांचं पाणी ठिबकणाऱ्या जागेपासून वायर लांब ठेवा.

मखराला ती तंगुसाने टाके घालून बसवा. ग्लू गनचा गरम गोंद नको. ॐ काढायचा असेल तर वळणं मोठी ठेवा, एकाच जागी पुन्हापुन्हा दुमडली की आतल्या तारा तुटतात. इन्व्हर्टर बारीक शिट्टीसारखा वाजतो, त्याला मखरामागे फोमच्या तुकड्यावर ठेवा.

विसर्जनानंतर सेल काढा, वायर ताटाएवढ्या वेटोळ्यात गुंडाळा आणि कोरड्या डब्यात ठेवा.