कोकण किनाऱ्यावर परमिट रूम काढायची आहे? अर्जाआधी जागा मोजा

तारकर्ली, गुहागर, दिवेआगरकडे पर्यटक वाढले, तसा किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांना एक प्रश्न हमखास पडतो : जेवण चालतंय, जागा समुद्राजवळ आहे, मग बारचं लायसन्स कसं काढायचं? बहुतेक जण थेट राज्य उत्पादन शुल्क विभागाचं कार्यालय किंवा एखादा एजंट गाठतात. माझं सांगणं असं की आधी जागेकडे पाहा. किनाऱ्यावरचे अर्ज कागदांपेक्षा जागेपायी जास्त अडतात, आणि तोवर भाडेकरार, फर्निचर, रंगरंगोटी यांत पैसे अडकलेले असतात.

समुद्राच्या बाजूने मोजा

पहिला प्रश्न सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारा नियमन क्षेत्राचा. १८ जानेवारी २०१९ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनारा सीआरझेड-३ मध्ये येतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिथे दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती आहे, तिथे भरती रेषेपासून ५० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असतं. त्याहून विरळ वस्ती असेल तर २०० मीटर. कोकणातली बहुतेक गावं दुसऱ्या गटातली. खारफुटी आणि वाळूच्या टेकड्या तर सीआरझेड-१ मध्ये, तिथे बांधकामाचा विचारही करू नका.

भरती रेषा म्हणजे आपल्याला किनाऱ्यावर दिसते ती ओली खूण नव्हे. मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर आखलेली रेषाच धरली जाते. तुमचा सर्व्हे नंबर त्या नकाशावर नेमका कुठे पडतो ते तपासून घ्या. जागा खाडीकाठी असेल तरी हीच काळजी घ्या. सीआरझेडमध्ये येणाऱ्या बांधकामाचा प्रस्ताव महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. तिथली मंजुरी नसेल तर पुढे मिळालेला दारूचा परवानाही बांधकामाला वाचवू शकत नाही. हा मुद्दा मी मुद्दाम ठासून सांगतोय, कारण किनाऱ्यावर सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

काही किनाऱ्यांवर राज्याच्या २०२० च्या धोरणानुसार तात्पुरत्या शॅकची, म्हणजे वाळूवरच्या झोपडीवजा खाणावळींची, सोय ठरली : वरसोली, दिवेआगर, आरे-वारे, गुहागर, कुणकेश्वर, तारकर्ली, केळवा आणि बोर्डी. पण शॅकची जागा मिळणं आणि दारू विकायचा परवाना मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग रस्त्याच्या बाजूने

सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. ३१ मार्च २०१७ च्या आदेशाने २० हजार किंवा त्याहून कमी लोकवस्तीच्या भागांत हे अंतर २२० मीटरवर आलं. नंतर नगरपालिका हद्दीला सूट मिळाली आणि ग्रामपंचायतींच्या हद्दीबाबत ठरवण्याचं काम २०१८ मध्ये राज्यांवर सोपवलं गेलं. मुंबई-गोवा महामार्ग किनाऱ्यापासून लांब आहे, पण सागरी महामार्ग अनेक गावांत किनाऱ्याला घासून जातो. समोरचा रस्ता राज्य महामार्ग आहे की जिल्हा मार्ग, हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडून लेखी घ्या. राज्य महामार्ग निघाला, तर तुमची ग्रामपंचायत सवलतीत बसते का, हे जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क अधीक्षकांना अर्ज देऊन विचारा. एका अंगाला समुद्राची रेषा, दुसऱ्या अंगाला रस्त्याची. मधे जी पट्टी उरेल तिच्यातच तुमचा बार बसायला हवा.

शाळा, देऊळ, मशीद, चर्च आणि एसटी स्थानक यांच्यापासूनचं ७५ मीटरचं अंतरही पाहा. माणूस चालत ज्या वाटेने जातो त्या वाटेने ते मोजतात, हवाई अंतर नव्हे.

सातबारा आणि भावकी

कोकणात सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं असणं नेहमीचंच. त्यातले अर्धे मुंबईत, काही वारलेले, वारसनोंद झालेली नाही. जागा घरची असली तरी सहहिस्सेदारांची संमतीपत्रं नोटरी करून ठेवा. गणपतीला किंवा शिमग्याला चाकरमानी गावी येतात तेव्हा हे काम उरकतं. भाड्याची जागा असेल तर करारात ‘मद्यविक्रीसह उपाहारगृह’ असा स्पष्ट उल्लेख हवा. जमीन अकृषिक झालेली आहे का, बांधकामाला परवानगी आहे का, हेही याच वेळी बघा.

ग्रामसभा

नव्या परवान्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. तो मागच्या दाराने मिळवायचा प्रयत्न करू नका. गावातल्या बायकांशी आधी बोला, त्यांच्या शंका खऱ्या असतात : वाटेत त्रास, रात्रीचा गोंगाट, घरच्या पुरुषांचं पिणं. प्रकाशाची सोय, गाड्यांची जागा, बंद करायची वेळ यांबद्दल जे कबूल कराल ते लिहून द्या. राज्यात २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदान होतं आणि निम्म्याहून जास्त महिला मतदार आडव्या बाटलीच्या बाजूने उभ्या राहिल्या की दुकान बंद होतं. गावाला न विचारता उघडलेला बार कायम या टांगत्या तलवारीखाली चालतो.

आता अर्ज

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली हॉटेलसाठी मुख्यतः दोन परवाने आहेत. सगळं विदेशी मद्य (व्हिस्की, रम, बिअर, वाइन वगैरे) द्यायचं असेल तर एफएल-३, म्हणजे परमिट रूम. फक्त बिअर आणि वाइन द्यायची असेल तर नमुना ‘ई’. छोट्या जागेत, कुटुंबं येणार असतील तर ‘ई’पासून सुरुवात करणं मला शहाणपणाचं वाटतं. वार्षिक शुल्क गावाच्या लोकसंख्येच्या टप्प्यानुसार ठरतं, तेव्हा चालू वर्षाचा तक्ता कार्यालयातूनच घ्या.

अर्ज विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर करायचा. सोबत मालकीचे किंवा भाड्याचे कागद, बांधकाम परवानगी, ग्रामसभेचा ठराव, अन्न परवाना, दुकान नोंदणी, पोलिसांचा चारित्र्य दाखला, भागीदारी असेल तर तिचा करार आणि जागेचा नकाशा लागतो. नकाशात बसायची जागा, स्वयंपाकघर आणि दारू ठेवायची खोली वेगवेगळी दाखवा. त्यानंतर निरीक्षक जागेवर येऊन पाहणी करतात, अंतरं मोजतात, पोलिसांचा अहवाल येतो आणि अधीक्षकांमार्फत प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. एजंट लावलात तरी चलन स्वतःच्या नावाने भरा आणि प्रत्येक कागदाची पोच स्वतःजवळ ठेवा.

परवाना हातात आल्यावर

माल फक्त परवानाधारक ठोक विक्रेत्याकडून, वाहतूक पासासह घ्यायचा. सिंधुदुर्गात हे जपून करा. गोव्याहून स्वस्तात आणलेल्या बाटल्या इन्सुली नाक्यावर सापडल्या किंवा बारमध्ये मिळाल्या तर गुन्हा दाखल होतो. गोव्याचा अबकारी कायदा १९६४ चा आणि वेगळा आहे, त्यामुळे पेडण्यातल्या मित्राचा अनुभव इथे चालत नाही.

कामगारांचे नोकरनामे, म्हणजे बारमध्ये काम करायची परवानगीपत्रं, काढा. साठ्याच्या नोंदवह्या रोजच्या रोज भरा. बिअर-वाइनसाठी ग्राहक किमान २१ वर्षांचा, इतर मद्यासाठी २५ वर्षांचा हवा आणि त्याच्याकडे पिण्याचा परवाना हवा. एक दिवसाचे परवाने काउंटरवर ठेवा. जेवणाच्या बिलावर जीएसटी, दारूच्या बिलावर व्हॅट, म्हणून दोन्ही हिशेब वेगळे ठेवा. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० नंतर बंद. परवाना ३१ मार्चला संपतो. पर्यटकांची गर्दी ओसरायची वाट न पाहता नूतनीकरणाचं शुल्क त्याआधी भरा.