स्थळे येऊ लागण्यापूर्वी: नागपुरातील समलिंगी तरुणासाठी काही सूचना

मुलगा नोकरीला लागून वर्ष होत नाही तोच मामा, मावशी आणि शेजारच्या काकू स्थळे सुचवू लागतात, आणि ज्या समलिंगी तरुणाने तोवर स्वतःशी काहीच ठरवलेले नसते, त्याच्या आयुष्याचा निर्णय मग इतरच घेऊन टाकतात. म्हणून स्वतःचा स्वीकार ही सवडीने करायची गोष्ट मानू नये. स्वीकार आधी आणि घरी सांगणे नंतर, हाच क्रम असावा असे माझे स्पष्ट मत आहे. जो स्वतःच अपराधी भावनेने दबलेला आहे, त्याला घरच्यांच्या पहिल्याच प्रश्नापुढे उभे राहता येत नाही.

सुरुवात स्वतःची परीक्षा घेणे थांबवण्यापासून करावी. वर्गातल्या एखाद्या मुलीवर आपले प्रेम आहे अशी समजूत करून घेणे, टेकडी गणपतीला नवस बोलणे, यापुढे मनात तसा विचार येऊ देणार नाही अशी शपथ घेणे आणि ती मोडली की स्वतःला दूषणे देत राहणे, यांत अनेकांची उमेदीची वर्षे जातात. त्याऐवजी आपल्याला कोण आवडत आले आहे आणि केव्हापासून, हे एका कागदावर साध्या शब्दांत लिहून काढावे. तो घरात कुणाच्या हाती लागण्याची भीती असेल तर फाडून टाकावा. उपयोग लिहिण्याचा आहे, जपून ठेवण्याचा नाही.

त्यानंतर थोडा अभ्यास करावा. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता १९९० मध्येच आजारांच्या यादीतून काढली. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे संबंध, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम उरलेलेच नाही. विवाहाचा हक्क मात्र याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारला, हेही ठाऊक असावे. राहिला प्रश्न परंपरेचा. जन्माबरोबर चिकटवलेला कमीपणा नाकारता येतो, हे या शहराला वेगळे शिकवावे लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी इथेच आहे. (दोन्ही अनुभव सारखे नाहीत, हे मान्य, पण ‘पूर्वापार असेच चालत आले आहे’ या वाक्यापुढे मान न तुकवण्याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही, इतकेच.)

झोप उडाली असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनाशुल्क, मराठीतून बोलता येते. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभागही आहेत. डॉक्टर कोणतेही असोत, आपली हकिकत सांगण्यापूर्वी त्यांना एकच प्रश्न विचारावा: “समलिंगी असणे हा आजार आहे, असे आपण मानता का?” सरळ ‘नाही’ असे उत्तर आले तर पुढे बोलावे. “प्रयत्न करून पाहू” किंवा “लग्न झाले की फरक पडतो” असे कानावर आले, तर तिथून उठावे. लैंगिक कल बदलण्याचे उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.

पहिल्यांदा ज्याला सांगाल, तो माणूस शक्यतो आईबाबांपैकी नसावा. मोठी ताई, वसतिगृहातला जुना मित्र, असे कुणी निवडावे आणि निवडताना एवढेच पाहावे की ती व्यक्ती इतरांची गुपिते तुमच्याजवळ उघड करते का. करत असेल, तर तुमचेही गुपित राहणार नाही. बोलणे लांबवू नये. “ताई, मला मुलींविषयी ओढ वाटत नाही, मुलांविषयी वाटते. तुझा सल्ला नको, फक्त हे तुला माहीत असावं” इतके पुरेसे आहे.

आपल्यासारख्या इतरांना भेटल्याशिवाय एकटेपणा जात नाही. शहरात सारथी ट्रस्ट ही संस्था या समुदायासाठी काम करते, आणि माझ्या मते सुरुवात डेटिंग ॲपपेक्षा तिथून करणे बरे. ॲप वापरायचेच असेल तर अंतर दाखवण्याची सोय बंद ठेवावी, कारण धरमपेठेत कोण कुणाचा आतेभाऊ निघेल याचा नेम नसतो. पहिली भेट सीताबर्डीच्या बाजारात किंवा फुटाळा तलावाच्या काठी, गर्दीच्या वेळी ठरवावी. आडबाजूला बोलावून चित्रीकरण करायचे आणि ‘घरी पाठवू, पोलिसांत देऊ’ म्हणून पैसे उकळायचे, ही फसवणुकीची ठरलेली रीत आहे. पोलिसांची ती धमकी पोकळ असते. उलट खंडणी हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे. एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही, म्हणून पैसे न देता संदेशांचे स्क्रीनशॉट ठेवावेत. ऑनलाइन पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी.

स्थळाच्या बाबतीत मात्र मी कोणतीही सवलत सुचवणार नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला ‘फक्त आईच्या समाधानासाठी’ जाऊन बसणारा मुलगा पुढे साखरपुड्यालाही त्याच कारणाने बसतो, आणि त्याची किंमत ज्या मुलीला काहीच सांगितलेले नाही तिला आयुष्यभर मोजावी लागते. त्यामुळे पहिल्याच फोटोला “मला लग्न करायचं नाही” असे सांगावे. नोकरी, घराचे कर्ज, धाकट्या बहिणीचे लग्न अशी कारणे देऊ नयेत. कारण दूर झाले की स्थळ पुन्हा दारात येते.

घरी सांगणे सक्तीचे नाही. सांगायचेच ठरले, तर पगार स्वतःच्या खात्यात, मूळ प्रमाणपत्रे स्वतःजवळ आणि काही रात्री राहता येईल असे मित्राचे घर, एवढी तयारी आधी असावी. सणाच्या दिवशी किंवा भांडणाच्या भरात विषय काढू नये. आई बहुधा विचारेल, “आमचं काय चुकलं रे?” तिने हा प्रश्न कितीही वेळा विचारला तरी “कुणाचंच काही चुकलं नाही, मी असाच आहे” हे एकच उत्तर त्याच स्वरात द्यावे. बाबा अबोला धरतील, तेव्हा त्यांच्याशी रोजचे व्यवहाराचे बोलणे आपण होऊन चालू ठेवावे. मध्यस्थीसाठी मामांना बोलावण्याची घाई होईल. आईबाबांना सांगितले म्हणजे साऱ्या भावकीला सांगितले असे होत नाही, आणि पुढे कुणाला सांगायचे ते तुम्हीच ठरवाल, हे त्या दोघांना पहिल्याच बैठकीत बजावून ठेवावे.